पाळण्यातला धर्माजी

बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आमच्याकडची रीत. माझ्या पाठीत त्या दिवशी वीसेक पडले असतील, त्यातला एक गमतीचा नव्हता. तो साक्षीचा, माझ्या भावजयीचा. त्याआधी मला माजघरात ओढून ती म्हणाली होती, "वन्सं, पाया पडते, कानात दुसरं कायपन सांगा. शिव्या खायाला नाव नको माज्या पोराला." मी हसण्यावारी नेलं. अक्कल गहाण टाकली होती मी.

नाव होतं धर्माजी. दिवेआगरात घरोघरी विहान नि अद्विक रांगतायत, आणि आमच्या पाळण्यात धर्माजी! बायका हसून हसून लोळल्या. खरा धर्माजी कुंपणापलीकडे राहतो, साठीचा. चक्रीवादळात सुपाऱ्या आडव्या झाल्या, दोन वाड्यांमधली हद्द पुसली गेली, आणि तेव्हापासून माझा भाऊ सदा आणि तो एकमेकांच्या जिवावर उठलेत. शेवटी पोलिसांनी सदाला दम भरला, पुन्हा धर्माजीला शिवी दिलीस तर आत टाकू. म्हणून ही शक्कल. स्वतःच्या पोराला शिव्या घालणाऱ्या बापाला कोण अडवणार?

मग रोज सकाळी पडवीतून सुरू. "धर्म्या, मुडद्या, मेलास का न्हाय अजून?" पोर मांडीवर आणि तोंड कुंपणाकडे. अख्खी आळी मजा घ्यायची. मीसुद्धा म्हसळ्याहून फोन करून विचारायची, आज काय म्हणालास रे?

आठ महिने म्हाताऱ्याने दातओठ खात ऐकलं. मग एक दिवस काठी घेऊन आला आणि सदाचे पुढचे दोन दात पाडले. सदाने दगडाने त्याचं डोकं फोडलं. अंगणभर रक्त. म्हाताऱ्याला चौदा टाके पडले. साक्षी पोराचे कान झाकून आत बसून होती.

मी दुसऱ्या दिवशी धावत आले. धर्माजी दवाखान्यातून घरी आलाय, एवढं कळलं आणि सदाने कोयता उचलला. मी आडवी गेले तर मला ढकललं. पायरीवर आपटून माझं मनगट मोडलं. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. अंगणात उभा राहून तो फुटलेल्या तोंडाने ओरडत सुटला.

"धर्म्या! भायेर ये! आज तुजी खांडोळीच करतो!"

पलीकडचं दार उघडलं नाही. आमच्या उंबऱ्यावरून मात्र पोर रांगत आलं, लाळ गाळत, खिदळत, थेट बापाच्या पायाशी. कोयत्याच्या पात्याखाली बसून त्याने दोन्ही हात वर केले, मला घे म्हणून.

सदाचा कोयता हवेतच राहिला. साक्षी दारात उभी होती. ती पोराला उचलायला आली नाही.

"तुमी नावानं हाक मारलात, तो आला," ती म्हणाली. "करा आता खांडोळी."