होन्नावरच्या किनाऱ्यावर अक्का

डॉक्टरांनी उपेंद्रला परवानगी दिली, पण एका अटीवर. समुद्रावर जा, हवा तेवढा वेळ बस, मासेही धर. मात्र गळ, काटा, कल्ले, कशालाच हात लावायचा नाही. नवी किडनी टिकावी म्हणून तो रोज ज्या गोळ्या घ्यायचा, त्या अंगातली प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवायच्या. माशाचा एखादा काटा बोटात गेला असता तरी महागात पडलं असतं.

"मग जाऊन करणार काय?" त्याची बायको रंजिता म्हणाली. "आमिष दुसऱ्यानं लावायचं, मासा दुसऱ्यानं सोडवायचा. मला तर ते बघवतही नाही."

बंगळुरूत मारतहळ्ळीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हे बोलणं चाललं होतं, तेव्हा कस्तुरीअक्का सोफ्यावर मटार सोलत बसली होती. उपेंद्रची ही थोरली बहीण. निपाणीचं घर सोडून आधी तीच बंगळुरूला आली, मल्लेश्वरमच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली, आणि धाकट्या भावालाही तिनंच इकडे आणलं. लग्न केलं नाही. उपेंद्रच्या पोटात आता जी किडनी होती, ती तिचीच.

"मी जाते त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "आमिष मी लावीन."

"अक्का, तू मासा आणतेस तो दुकानातून तुकडे करून. कच्च्या कोळंबीला हात लावताना तुझं तोंड कसं होतं, मी बघितलंय," उपेंद्र म्हणाला.

"शिकेन की. स्वल्प वेळ लागेल, तेवढंच."

उपेंद्रला किनाऱ्यावरून मासे धरायचा नाद कारवारला पॉलिटेक्निकमध्ये असताना लागला होता. पुढे बंगळुरूत नोकरी लागल्यावरही चार-दोन महिन्यांनी तो रात्रीची गाडी पकडून समुद्र गाठायचा. मग किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं आणि शहराबाहेर पाऊल टाकणं बंद झालं. रॉड कपाटामागे उभे राहिले. रंजिता केर काढताना ते हलवायची आणि परत तसेच ठेवायची. टाकून देऊ का, असं तिनं कधी विचारलं नाही.

ऑपरेशनला आता वर्ष उलटून गेलं होतं. या वर्षात उपेंद्रनं अक्काचे आभार मानायचा पुष्कळदा प्रयत्न केला. हॉस्पिटलात त्यानं हात जोडले तर ती म्हणाली, "गप पड, टाके उसवतील." तिच्या वाढदिवसाला साडी नेली, तर म्हणाली, "रंग चांगला आहे. रंजितानं निवडला असणार." ती त्याला बोलूच द्यायची नाही.

रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी होन्नावरला उतरल्यावर ते दोघं रिक्षानं गावाबाहेरच्या एका लहानशा किनाऱ्यावर गेले. सुरूच्या झाडांमागे एका घरात त्यांनी दिवसभरासाठी खोली घेतली होती. ओहोटी संपून पाणी भरायला लागलं होतं. ऊन कोवळं होतं आणि लाटाही अंगावर येणाऱ्या नव्हत्या.

अक्कानं साडी नेसली नव्हती. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि डोक्याला ओढणी बांधली होती. उपेंद्रनं जाड हातमोजे चढवले आणि दोन पावलं लांब उभा राहिला.

"शेपटाकडून टोच. आता वळव. गळाचं टोक जरासं बाहेर राहू दे."

"हे सगळं बुळबुळीत आहे रे."

"कोळंबी आहे अक्का, खडू नाही."

ती हसली. पहिल्या तीन कोळंब्या वाळूत पडल्या, चौथी नीट बसली. उपेंद्रनं रॉड मागं नेला आणि दोरी फेकली. दोरीला बांधलेलं शिसं फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडे जाऊन पडलं. हाताला ते सगळं आठवत होतं, याचं त्याला फार बरं वाटलं.

सकाळभर लहान मासे मिळत राहिले. बोटभर जाडीच्या, वाळूच्या रंगाच्या मुडदुशी. इकडे त्यांना काणे म्हणतात. उपेंद्र ओढून आणायचा, अक्का ओल्या फडक्यात मासा धरून पकडीनं गळ काढायची आणि दर वेळी माशाला हळूच म्हणायची, "झालं हं, झालं." मधेच एक शेंगाळा आला. तिनं हात पुढे केला तसा उपेंद्र जोरात म्हणाला, "त्याला नको! त्याचा काटा विषारी असतो." त्यानं दोरीच कापली आणि शेंगाळा लाटेबरोबर परत गेला.

दुपारच्या आधी उपेंद्र गोळी घ्यायला सावलीत गेला. रॉड अक्काच्या हातात होता. त्यानं बाटलीचं झाकण उघडलं आणि तिची हाक ऐकली.

"उपेंद्र, हे मला ओढतंय."

रॉड कमानीसारखा वाकला होता. रीळ कर्रकर्र करत सुटत होतं. तो धावला.

"तू धर," ती म्हणाली.

"नाही. तुझाच आहे तो. खेचू नको, रॉड नुसता धरून ठेव. पळतोय तर पळू दे. थांबला की फिरव."

"हात गळून गेला तर?"

"मी मागे आहे."

ती गुडघाभर पाण्यात गेली, मागे आली, पुन्हा गेली. मासा दोनदा किनाऱ्याजवळ येऊन परत लांब पळाला. उपेंद्र हात पाठीमागे बांधून तिच्या शेजारीच सरकत होता. शेवटी एका लाटेनं माशाला वर उचललं आणि अक्का उलट्या पावलांनी चालत वाळूत जाऊन धपकन बसली. पुढ्यात तिच्या हाताएवढा लांब रावस तडफडत होता.

"केवढा हा," ती म्हणाली. तिला धाप लागली होती आणि चेहरा लाल झाला होता. वर्गात कडक म्हणून नावाजलेली कस्तुरी टीचर वाळूत पाय पसरून बसली होती आणि हसत होती.

घरमालकिणीनं अर्धा रावस कोकम घालून आमटीला घेतला आणि बाकीचा तळला. खूप शिजवा, असं अक्कानं तिला मोडक्या कोकणीत दोनदा बजावलं. जेवून ते सुरूखाली चटईवर बसले.

"अक्का, आज मला बोलू दे," उपेंद्र म्हणाला. "आभार नाही मानत. एकच सांगायचंय. डायलिसिसची दोन वर्षं मी पाणी मापून प्यायलो. उन्हाळ्यात तोंडात बर्फाचा खडा धरून बसायचो. आता तहान लागली की उठतो आणि पितो. पेला भरून. बस्स, तेवढंच."

अक्का समुद्राकडे बघत होती. या वेळी तिनं त्याला गप केलं नाही.

"ऑपरेशननंतर मला हात वर नेता येत नव्हता," ती म्हणाली. "टाके ओढायचे. रंजिता रोज सकाळी तुझ्याकडे जायच्या आधी माझ्याकडे यायची. केस विंचरायची, तेल लावायची, वेणी घालायची. घाई असली तरी घाईनं नाही घालायची. आई गेल्यापासून माझ्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता रे. मी आपली सगळ्यांचं करत आले. कुणी आपलं करतं तेव्हा कसं वाटतं, ते मला माहीतच नव्हतं."

उपेंद्रला हे ठाऊक नव्हतं. रंजितानं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"तिला सांगितलंस का हे?"

"सांगायला जमत नाही. तुझ्यासारखीच मी."

उपेंद्रनं फोन काढून रंजिताला लावला आणि अक्कापुढे धरला. अक्कानं त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं, मग फोन घेतला. "रंजिता? अगं, रावस मिळाला. हो, मीच धरला," असं म्हणत ती झाडांकडे चालत गेली. पुढचं त्याला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ बोलत होती. मधे एकदा तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि लगेच कशाला तरी हसली.

तो चटईवर आडवा झाला. वारा अंगावरून जात होता, पोट भरलं होतं, कुठं पोचायची घाई नव्हती. या दिवसासाठी अक्का आणि रंजिता किती खपल्या, हे त्याच्या मनात आलं. तसाच त्याचा डोळा लागला.

जागा झाला तेव्हा ऊन कललं होतं. अक्का पाण्याच्या कडेला उभी होती. तिनं स्वतःच आमिष लावलं होतं आणि स्वतःच दोरी फेकायचा प्रयत्न करत होती. शिसं जेमतेम दहा हातांवर पडत होतं.

"अक्का, संध्याकाळची गाडी आहे," तो म्हणाला.

"सरी, सरी. ठीक आहे, वेळ आहे अजून. फेकताना मनगट कुठं वळवायचं ते दाखव आधी."

त्यानं हातमोजे शोधले, पायातल्या चपला तिथंच काढल्या आणि तिच्याकडे निघाला.