शिंगात तांबं, पोटात वाढं

मी एक जुना मेंढा आहे. काळा कुळकुळीत. वडगाव रासाईत तात्याबाच्या दारात बांधलेला असतो. शिंगातलं कडं बघून हसू नका मित्रांनो, त्याचीच तर ही गोष्ट आहे.

लहानपणी मी कळपाबरोबर रानोमाळ फिरलो. बोर, बाभूळ, दिसेल त्या पाल्याला तोंड लावलं. पुढे तात्याबाने नदीवर मोटर बसवली, ऊस लावला आणि मेंढरं विकली. मला तेवढं ठेवलं, ते लोकरीसाठी. त्याची बायको रतनबाई गावभर सांगायची, "नातीला मांडवात बसवीन तर ह्याच्याच काळ्या घोंगडीवर!" मी मान ताठ करून ऐकायचो.

पण माझ्यापुढे रोज उसाचं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. सकाळी वाढं, संध्याकाळी वाढं! उसाच्या पैशातून घरात रंगीत टीव्ही आला आणि इकडे माझाच रंग उडाला. लोकर मळक्या पोत्यासारखी तांबूस झाली. रतनबाईने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. तात्याबा म्हणाला, "म्हातारा झाला त्यो. बाजार दाखवू. काळी लोकर इकत घिऊ."

"आबा, आधी डॉक्टरला तरी दाखवा," नात प्रगती म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरांनी मला तपासलं. "याच्या अंगात तांबं कमी पडलंय. लोकरीत काळा रंग धरायला कणभर तांबं लागतं. उद्या औषध न्यायला या."

"हात्तिच्या! औषध कशाला?" डॉक्टरांची पाठ वळताच तात्याबाने गुडघेदुखीसाठी घातलेलं तांब्याचं कडं काढून माझ्या शिंगात घातलं. मी नवरदेवासारखा मिरवलो. रंग काही आला नाही, तात्याबाचे गुडघे मात्र कुरकुरू लागले.

पुन्हा आलेले डॉक्टर शिंग बघून मटकन खालीच बसले. "अहो आबा, तांबं पोटात जायला पाहिजे!"

"मग पाजा की वाटीभर!"

"वाटीभरानं मरेल तो! मेंढराला जास्त तांबं म्हणजे विषच."

मग औषध मोजून मिळालं. प्रगती रोज बांधाबांधाने हिंडून वेगवेगळा पाला आणू लागली. पुढच्या कातरणीला माझी लोकर काळीभोर निघाली, पण घोंगडीला थोडी कमी पडली. तिथे आधीची तांबूस लोकर घातली.

दारातच प्रगतीच्या लग्नाचा मांडव पडला. वरमाईने घोंगडीकडे बघून विचारलं, "मधी हा लाल पट्टा कसला वं?"

"डिझाईन हाय," रतनबाई बेधडक म्हणाली.

सासरी निघताना प्रगती माझ्या गळ्यात पडून रडली. "आबा, ह्याला नुसतं वाढं घालू नका हां!"

मित्रांनो, तुम्हालाही तेवढंच सांगतो. जनावर दारात बांधलंत, तर त्याचं रान त्याच्यापुढे आणून टाका. आता म्हातारा तात्याबा रोज बाभळीचा पाला आणतो, लंगडत लंगडत. कडं मात्र परत मागत नाही.