निळ्या ड्रमच्या पोटातल्या गाठी

नाक मुरडू नका, मित्रांनो, आधी माझं ऐकून तर घ्या! मी एक जुना निळा ड्रम आहे. चऱ्होलीच्या एका इंटरनॅशनल शाळेत, मागच्या भिंतीपाशी, बदामाच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. अंगभर भोकं आहेत आणि पोटावर मुलांनी रंगवलेलं सूर्यफूल आहे. त्याच्या दोन पाकळ्या उडाल्यात, पण त्याला काही माझा इलाज नाही.

माझी उमेदीची वर्षं चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये गेली. मी लोणच्याचा ड्रम होतो. तिन्ही शिफ्टची माणसं तिथं जेवायची. ओव्हरटाइम करून दमलेला माणूस भाजीकडे बघायचासुद्धा नाही, आधी म्हणायचा, "भावा, लोणचं वाढ!" तेव्हा माझी छाती फुगायची. पुढे लोणच्याची छोटी पाकिटं आली आणि माझी गरज संपली. काही दिवस माझ्यात पाणी भरलं, मग झाडू उभे केले, आणि एक दिवस मला चिखलीच्या भंगारात टाकलं.

तिथं प्लास्टिक दळायचं मशीन होतं. माझ्याबरोबर आलेले दोन ड्रम माझ्या डोळ्यांदेखत त्यात गेले आणि बाहेर आला तो नुसता भुगा. खोटं कशाला बोलू, मी जाम टरकलो होतो. उद्या आपला नंबर, असं म्हणून मी दिवस काढत होतो, तोवर शाळेच्या पूनम मॅडम आल्या. त्यांनी मला वाजवून पाहिलं, झाकण लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा द्या."

जुलैमध्ये शाळेत माझं उद्घाटन झालं. हो, रिबन कापून! मुलांच्या डब्यातलं उरलेलं अन्न माझ्या पोटात जाणार आणि त्याचं खत होणार, असं ठरलं. इको क्लबची प्रमुख होती पाचवीतली सोनल. राहटणीहून बसने येणारी, दोन वेण्या घालणारी, आणि शिस्तीची एकदम कडक. तिने पहिल्याच दिवशी नियम केला, की कचरा पिशवीत घालून, डबल गाठ मारूनच आणायचा. एकाच गाठीची पिशवी दिसली की ती परत पाठवायची. पिशव्या हिरव्या होत्या, वर पान छापलेलं होतं, त्यामुळे पूनम मॅडमनाही वाटलं की त्या आपोआप विरघळतील.

कसल्या विरघळताहेत! महिन्याभरात माझ्या पोटात नुसता चिखल झाला. मला हवा मिळेना, पिशव्यांना हवा मिळेना. आतल्या आत सगळं कुजलं आणि असा वास सुटला, की फुटबॉल खेळणारी मुलंसुद्धा लांबून जाऊ लागली. ज्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले होते, तीच आता मला 'शेंबड्या' म्हणत. पालकांच्या तक्रारी आल्या. शेवटी प्रिन्सिपल मॅडमनी सांगून टाकलं, "शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो बोलवा."

मित्रांनो, टेम्पो हा शब्द ऐकला आणि मला ते मशीन दिसायला लागलं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत सोनल एकटीच माझ्याजवळ येऊन बसली. नाकाला रुमाल आणि डोळ्यांत पाणी. तेवढ्यात शालनबाई आल्या. त्या शाळेत फरशी पुसायच्या, सगळी मुलं त्यांना मावशी म्हणायची.

"का गं पोरी, रडतीयास का?"

"मावशी, उद्या याला घेऊन जाणार. दळून टाकतात म्हणे. हा ड्रम आणायचा हट्ट मीच केला होता."

शालनबाईंनी पदर खोचला आणि झाकण उघडलं. "आगं बया! ह्यो काय परकार? कचऱ्याला कोंडून ठिवलंय व्हय?"

"आई म्हणते, ओला कचरा नेहमी डबल गाठ मारूनच द्यायचा. आमच्या सोसायटीत तसाच घेतात. आणि या पिशव्या विरघळतात, मावशी. वर लिहिलंय."

"कवा विरघळत्यात? तुजं लगीन होईस्तवर?" शालनबाईंना हसू आवरेना. मग त्या खाली बसल्या. "तुजी आई बरूबर हाय. गाडीवाल्याला द्यायचा तर गाठ मारायची. पर हितं गाडीला न्हाई द्यायचा, मातीला द्यायचाय. मातीला उघडं द्यावं लागतं बाळा."

सोनल रडायची थांबली. आपण केवढ्या तोऱ्यात एका गाठीच्या पिशव्या परत पाठवल्या, हे तिला आठवलं असणार, कारण तिचे कान लालेलाल झाले. ती उठली आणि तडक ऑफिसात गेली. मागून शालनबाई गेल्या. खिडकी माझ्या समोरच होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, नियम मी केला होता. चूक ड्रमची नाही, माझी आहे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने बोललं. मला फार बरं वाटलं, मित्रांनो. इतकं बरं मला लोणच्याच्या दिवसांतही वाटलं नव्हतं.

शालनबाई म्हणाल्या, "मॅडम, दिवाळीची सुट्टी संपूस्तवर मुदत द्या. न्हाई जमलं, तर मी सवता ह्येला टेम्पोत चढवते."

हे शेवटचं वाक्य मला काही फारसं रुचलं नाही. पण मुदत मिळाली.

मग काय विचारता! मुलांनी हातमोजे घातले आणि कात्रीने एकेक गाठ कापली. एकशे बेचाळीस पिशव्या निघाल्या. पांढऱ्या अळ्या पाहून मुलं अशी किंचाळली, की वॉचमन धावत आला. दुरुस्तीची कामं बघणाऱ्या ज्योतीरामने ड्रिल आणून मला भोकं पाडली. दुखलं, पण वारा आत शिरला तेव्हा जिवात जीव आला. शालनबाईंनी दिराच्या गोठ्यातून घमेलंभर शेण आणलं, घरचं आंबट ताक ओतलं, मुलांनी बदामाची वाळकी पानं चुरून टाकली. एक थर ओल्याचा, एक थर पानांचा. दोन दिवसांआड काठीने खालवर करायचं. सोनलचा नवा नियम एकच होता, गाठ दिसली की दंड म्हणून ढवळायला उभं राहायचं. पहिला दंड तिलाच झाला. सवय, दुसरं काय!

दिवाळीची सुट्टी लागली, बस बंद झाल्या. आता मला कोण ढवळणार? पण शालनबाई यायच्या. पाडव्याच्या दिवशीसुद्धा नवी साडी वर खोचून त्या आल्या आणि काठी फिरवत मला म्हणाल्या, "आरं, माजी इज्जत तुज्या हातात हाय, बरं का!" मला हात नाहीत, तरी मी मनापासून 'हो' म्हटलं.

शाळा उघडली त्याच दिवशी टेम्पो फाटकात येऊन उभा राहिला. मोडके बाक न्यायचे होते, आणि जमलं नाही तर मलाही. प्रिन्सिपल मॅडम नाकाला रुमाल लावून आल्या. सोनलने हातमोजा काढला, झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मूठ वर आली ती काळ्याभोर, भुसभुशीत खताने भरलेली. मॅडमनी हळूच रुमाल खाली केला. वाकून वास घेतला. पुन्हा घेतला.

"शालनबाई, हे कुठं शिकलात तुम्ही?"

शालनबाई लाजल्या. "शिकायचं काय त्यात, मॅडम? तुमचं फुटबालचं ग्राउंड हाय न्हवं, तितं आमचं वावर होतं. आन् तुमचं ऑफिस हाय ना, तितं आमचा उकिरडा."

पूनम मॅडम फस्सकन हसल्या आणि पटकन तोंडावर हात घेतला. प्रिन्सिपल मॅडमनी मात्र एकदा ग्राउंडकडे पाहिलं, एकदा ऑफिसकडे. मग टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "फक्त बाक न्या. ड्रम राहील." आणि शालनबाईंकडे वळल्या. "गुरुवारी चौथा तास तुमचा. तुम्ही या मुलांना शिकवायचं."

"मी? आवो मॅडम, मला विंग्रजी कुटं येतंय!"

"मावशी," सोनल म्हणाली, "कचऱ्याला तरी कुठं येतं?"

आता वेळापत्रकात त्यांचं नाव आहे. माझं खत खाऊन कुंपणाचा दोडका वाढतोय, आणि माझ्या शेजारी दुसरा ड्रम आलाय, तो जरा शिष्टच आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू टाकण्याआधी दोनदा विचार करा, हे तर मी सांगणारच, ड्रम असून दुसरं काय सांगणार? पण एक आणखी करा. तुमच्याही शाळेत रोज कुणीतरी फरशी पुसत असेल. उद्या त्यांना नुसतं गुड मॉर्निंग म्हणून ओल्या फरशीवरून पळू नका. थांबा, आणि विचारा, "मावशी, तुम्हाला काय काय येतं?"