मल्कीयाची हाक

मल्कीया बरा झाला हे कळल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. जात्यात जव टाकायचे विसरून मी नुसताच खुंटा फिरवत होते.

"नासरेथच्या त्या गुरूनं त्याला हात लावला म्हणे, तिर्सामावशी," शेजारची नोगा सांगत होती. "आधी हात लावला, मग बरं केलं! यरुशलेमच्या देवळातल्या याजकांनी तपासून शुद्ध ठरवलंय. आज येतोय."

"त्या गुरूला दुसरा कुणी सापडला नाही का गं?"

माझा लेक योताम महारोगानं वेशीबाहेरच्या खोऱ्यात गेला होता. तहानेनं विहिरीजवळ आला की त्याला धोंडे मारून हाकलायचा तो हाच मल्कीया. पुढं त्यालाच रोग जडला तेव्हा मी म्हटलं, करावं तसं भरावं. माझा लेक मात्र खोऱ्यातच मेला. शेवटपर्यंत त्याला माणसाचा हात लागला नाही, आईचासुद्धा.

दुपारी गाव वेशीवर जमलं. याजकांनी काही का ठरवलेलं असेना, लोकांनी हातात धोंडे घेतले होते. माझ्या ओच्यातही एक होता.

मल्कीया आला. शुद्धीच्या विधीसाठी डोकं, दाढी, भुवयासुद्धा भादरलेल्या. कातडी नितळ. घोळक्यात बायको दिसली तसा तो हसला, दोन पावलं पुढं आला, आणि माणसं जवळ आली की महारोग्यानं तोंड झाकून ओरडायचं, त्या इतक्या वर्षांच्या सवयीनं अंगरख्याचं टोक तोंडावर ओढून ओरडला, "अशुद्ध! अशुद्ध!"

सगळे मागे सरले. "बघा, स्वतःच सांगतोय!" कुणीतरी म्हणालं. चूक त्याच्या ध्यानात आली, पण माणसं पळताना पाहून तो आणखीच घाबरला. "अशुद्ध! अशुद्ध!"

योताम असाच ओरडायचा. मी दगडावर भाकर ठेवून लांब जाईपर्यंत ओरडायचा.

पहिला धोंडा मल्कीयाच्या पायाशी पडला. मी माझा काढला आणि पुढं झाले.

"मावशी, अगं कुठं चाललीस?" नोगा किंचाळली.

त्यानं मला ओळखलं. हातातला धोंडाही पाहिला. पळाला नाही, मान खाली घातली, पण तोंडातली हाक काही थांबेना. मला ती ऐकवेना. मी धोंडा खाली टाकला आणि त्याच्या तोंडावर हात दाबून धरला.

"गप बस, मेल्या! शुद्ध आहेस तू."

तो लहान पोरासारखा रडायला लागला. माझा तळहात ओला झाला, तरी मी तो काढला नाही.

"पाणी पितोस?" मी विचारलं आणि त्याला हाताला धरून विहिरीकडे निघाले.