प्लायवूडची विहीर

विहीरबाईंनी पान एकशे चारवरचा लाल ठिपका खोडला. लाल पेन्सिल पुरती जात नाही, मागे गुलाबी डाग राहतोच. रबराचा भुगा मांडीवर पडला. त्यांनी फुंकर मारली, पण विहिरीत भुगा उडून जाणार कुठे? थोडा वर उठला आणि बाहीवर येऊन बसला.

विहीर प्लायवूडची होती. आत एक स्टूल, पाण्याची बाटली, नाटकाचं पुस्तक आणि विहीरबाई, एवढंच मावायचं. चार भिंतींच्या थिएटरात अडलेल्या नटाला पडद्याआडून वाक्य सांगता येतं. पण या नाटक मंडळीचे प्रयोग व्हायचे उघड्या बागेत, आणि बागेत कुजबुजलं तर ते आधी कावळ्यांना ऐकू जातं. म्हणून तीस उन्हाळ्यांपूर्वी मंडळीच्या सुताराने रंगमंचाच्या मधोमध ही विहीर ठोकली आणि पुस्तक धरणाऱ्या बाईंना तीत उतरवलं. नट अडला की काठावर वाकायचा, खालून वाक्य घ्यायचा आणि ताठ व्हायचा.

नाटक सोयीचं होतं. राजा रागाच्या भरात मुलीला घालवून देतो आणि उरलेला जन्म ती जिथे पाणी भरायची त्या विहिरीपाशी काढतो, असं ते जुनं नाटक. विहिरीत डोकावायला राजाला कारण लागत नसे. एका पेपरात तर अर्धा रकाना छापून आला होता, की राजाचं ते वारंवार वाकणं म्हणजे पश्चात्तापाचा तळ शोधणं आहे. मंडळी आठवडाभर पोट धरून हसली. बागेतल्या मुंग्यांनाही तिसरा अंक पाठ आहे, राजाने ओळ गाळली की त्या चावतात, असं सुतार शपथेवर सांगायचा.

राजा म्हणजे विहीरबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. सगळे त्याला राजेसाहेब म्हणत. पूर्वी तो प्रयोगात दोनदा वाकायचा. आज दोनच अंकांत अकरा वेळा वाकला होता.

मंडळीचा नियम साधा होता. ज्या ओळीला नट अडला, तिच्यापुढे पुस्तकात लाल ठिपका द्यायचा. त्या ठिपक्यांवरून दिग्दर्शिका पुढच्या वर्षीच्या भूमिका ठरवायची. आणि आज उन्हाळ्यातला शेवटचा प्रयोग होता.

मध्यंतरात दिग्दर्शिकेचं डोकं काठावर आलं.

"पुस्तक बघू, ताई."

विहीरबाईंनी पुस्तक वर दिलं. तिने पानं उलटली.

"तीनच ठिपके?"

"तीनच."

तिने वाकून विहीरबाईंच्या बाहीवरचा भुगा उचलला आणि चिमटीत चुरला. तो गुलाबी होता.

"मी मोजत होते, ताई. अकरा वेळा वाकलेत ते."

"वाकणं हा अभिनय आहे त्याचा. पेपरात आलंय."

दिग्दर्शिका हसली नाही. "शेवटच्या प्रवेशात अडले नाहीत, तर अजून एक उन्हाळा राजा तेच. अडले तर धाकटे राजे. मी तुमच्यावर सोडते. पण ठिपका खरा द्या."

धाकटे राजे म्हणजे प्रधानाचं काम करणारा नट. वय वर्षं एक्कावन्न. नऊ उन्हाळे त्याने राजाची भूमिका पाठ करून ठेवली होती. स्वतःची दाढी पिशवीत घेऊन हिंडायचा, न जाणो कधी वेळ येईल. माणूस वाईट नव्हता. वाट बघून बघून कंटाळला होता, इतकंच.

दिग्दर्शिका गेली आणि राजेसाहेब चहाचे दोन कप घेऊन काठावर टेकले. मुकुट मागे सरकलेला.

"ताई, खाल्लंस का काही?"

"खाल्लं."

"आत उकडतंय ना? पुढच्या वर्षी तुला खिडकी पाडून घेऊ. वर पत्र्याची झडप."

"म्हणजे लोक तिकीट काढायला माझ्याकडे येतील."

तो खदखदून हसला. हसताना अगदी पूर्वीचा होता. मग कपातला चहा हलवत बसला.

"शेवटचा प्रवेश म्हण बघू," विहीरबाई म्हणाल्या.

"तीस वर्षं म्हणतोय गं."

"तरी म्हण."

त्याने म्हटला. सबंध भाषण, स्वल्पविरामांसकट. शेवटी "झाकून टाका ही विहीर, हिच्यात आता कोणी बोलत नाही," हे वाक्य इतकं हळू म्हणाला की विहीरबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा प्यायल्या.

"ताई," तो उठताना म्हणाला, "खाल्लंस का काही?"

तिसऱ्या अंकाला ऊन कलतं झालं. विहिरीच्या आतल्या बाजूवर काठाची सावली चढत चालली होती. विहीरबाईंनी बोट ओळीवर ठेवलं आणि ओळीबरोबर सरकवत नेलं. राजेसाहेब एकही शब्द चुकले नाहीत. शेवटचं भाषण आलं. एक ओळ, दोन ओळी, सात. फक्त शेवटचं वाक्य उरलं आणि पावलं काठाशी येऊन थांबली.

तो वाकला.

विहीरबाईंनी क्षणभर वाट पाहिली. मग म्हणाल्या, "झाकून टाका."

तो बघत राहिला. मुकुटामागे ऊन होतं, चेहरा अंधारात.

"झाकून टाका ही विहीर," त्या थोड्या मोठ्याने म्हणाल्या. पुढच्या रांगेला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते राजाचं नव्हतं.

"सापडलीस," तो म्हणाला. "चल बाहेर. आई कधीची हाका मारतेय."

आईला जाऊन चौतीस वर्षं झाली होती. घरामागे पाण्याची एक रिकामी टाकी होती, लपंडावात विहीरबाई कायम तीतच लपायच्या. धाकट्या भावाला कधी सापडायच्या नाहीत. तो हिंडून हिंडून रडकुंडीला आला की त्या मुद्दाम खोकायच्या. मग एक छोटा चेहरा टाकीच्या तोंडाशी यायचा, मागे ऊन घेऊन.

त्याने हात खाली केला. बाहेर अडीचशे माणसं बसली होती. वाक्य तिसऱ्यांदा सांगता आलं असतं. विहीरबाईंनी पेन्सिल कानावर खोचली, पुस्तक काखेत मारलं आणि हात धरला.

त्या बाहेर आल्या. आधी पांढरे केस, मग दोरीला लोंबणारा चष्मा, मग एकेक करत कुरकुरणारे गुडघे. तीस उन्हाळे, प्रयोग चालू असताना त्या विहिरीतून कोणीच वर आलं नव्हतं. प्रधानाने झुकायचं ठरलेलं नव्हतं, तरी धाकटे राजे मागे सरले आणि झुकले. बहीणभाऊ हातात हात घालून पायऱ्या उतरले, खुर्च्यांमधल्या वाटेने चालत बागेतल्या मोठ्या झाडाकडे निघून गेले. मागे कोणीतरी हुंदका दिला. मग सगळे उठून उभे राहिले, आणि टाळ्या काही थांबेनात.

दिग्दर्शिका धावत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"कोणाची कल्पना ही? ताई, पुढच्या वर्षी शेवट हाच. रोज हाच. तेच राजा, आणि तुम्ही..." तिला धाप लागली. "जाहिरातीतच घालू आपण."

विहीरबाईंनी काखेतलं पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं आणि कानावरची पेन्सिल घेतली. ठिपका दिला. इतका दाबून, की कागदाला भोक पडलं. मग पानं मागे उलटत गेल्या आणि प्रत्येक गुलाबी डागावर पुन्हा पेन्सिल टेकवली.

"ताई, अहो, हे कशाला? लोक उभे राहिले."

"खरा ठिपका द्या म्हणालात." त्यांनी पुस्तक तिच्या हातात दिलं. "धाकट्या राजांना सांगा, दाढी धुऊन ठेवा. आणि पुस्तक धरायलाही कोणी बघून ठेवा."

दिग्दर्शिकेचं लक्ष झाडाकडे गेलं. राजेसाहेबांनी मुकुट काढून गवतावर ठेवला होता. बुंध्याकडे तोंड करून, डोळ्यांवर हात धरून ते मोठ्याने आकडे मोजत होते.

"अकरा, बारा, तेरा..."

लोक खुर्च्या सरकवत बाहेर पडत होते. सुतार विहिरीचे खिळे उपटायला लागला होता. विहीरबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. लपण्यासारख्या जागा पुष्कळ होत्या. त्यांनी सर्वांत जवळची धरली, चार पावलांवरचा बाक, आणि गुडघे सांभाळत त्यामागे बसल्या.

"वीस. आलो हं."

तो वळला. एकदा बाकाकडे, एकदा फाटकाकडे पाहिलं. दोन पावलं चुकीच्या बाजूला गेला आणि थांबला. ओठ थरथरायला लागले.

विहीरबाई खोकल्या.