पेटीतलं भरीत

धुळ्यात आता पोटासाठी कुणी चूल पेटवत नव्हतं. प्रत्येक ओट्यावर अन्नपेटी होती. तोंडाने मागावं, गरम ताट घ्यावं. कशालाच तोटा नव्हता आणि हातात वेळच वेळ होता. कुणी हातमागावर बसे, कुणी मूर्ती घडवी. हेमांगीला स्वयंपाकाचा नाद होता. परसात वांगी लावायची, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वाळल्या काड्यांवर भाजायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायची. दर शनिवारी शेजारचे वना आबा तिच्याकडे जेवायला यायचे.

बायको गेल्यापासून आबांनी पेटीचं अन्न सोडलं होतं. एरवी दूध, फळं आणि हेमांगी झाकून पाठवायची त्या भाकरीवर त्यांचं भागे. "ज्याले मानसना हात लागना नही, ते मन्हा गयाखाले उतरस नही," म्हणायचे.

एका शनिवारी हेमांगीने वांगी जाळावर टाकली आणि जरा आडवी झाली. डोळा लागला. उठली तेव्हा वांग्यांचा कोळसा झाला होता आणि दारात आबांची काठी वाजत होती. पुन्हा वांगी तोडून जाळ करायचं तिच्या जिवावर आलं. तिने पेटीकडे भरीत मागितलं. ओळखू येऊ नये म्हणून वरून कांद्याची पात स्वतः चिरून पसरली.

आबांनी दोनदा मागून घेतलं. "बेटा, आज भलतं भारी व्हयनं! मन्ही म्हातारी करे ना, तश्शं!"

हेमांगी हसली. पण स्वतःच्या ताटात तिने ते भरीत वाढून घेतलं नाही.

पुढच्या शनिवारी तिने जीव ओतून भरीत केलं. आबा म्हणाले, "बरं शे. पन त्या दिनसारखं नही." त्यानंतर तिने मिरच्या बदलल्या, लसूण वाढवला. तरी तेच. आबा आशेने पहिला घास घ्यायचे आणि मग तिला वाईट वाटू नये म्हणून मान डोलवायचे. ते तिला बघवेना. फसवलं आपण, आणि समजूत त्यांनी घालायची!

शेवटी एकदा ताट वाढता वाढताच ती बोलून गेली, "आबा, तुम्हाला आवडलं ते भरीत मी केलंच नव्हतं. पेटीतलं होतं."

घास आबांच्या हातातच राहिला. "पेटीमाधलं?"

"हो. माझी वांगी जळाली. मी सांगितलं नाही. चुकलं माझं."

ते रागावतील, ताट लोटतील असं तिला वाटलं. पण त्यांनी घास फक्त परत ताटात ठेवला.

"मन्हा भूषण शे ना जामनेरले," ते हळूच म्हणाले. "त्यानी पेटीले शिकाडं व्हतं ते. त्यानी मायनं भरीत."

मग तुटक तुटक त्यांनी सगळं सांगितलं. आई गेल्यावर भूषण दोन महिने पेटीपुढे बसला होता. आईच्या हातची चव आठवून आठवून त्याने पेटीला शिकवली, म्हणजे आबा जेवतील, आणि कुणीही, कुठल्याही पेटीकडे मागितलं तरी तेच भरीत मिळेल. तो ताट घेऊन धुळ्याला आला. आबांनी चाखलंही नाही. डबड्यात तुझी माय शोधतोस का, म्हणाले. तेव्हापासून भूषण आला नव्हता.

"त्या दिन एक घास खाता उना नही माले," आबा म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी ते जामनेरला गेले. हेमांगीचे शनिवार रिकामे झाले. ती रांधायची, एकटीच बसायची. एका खोटेपणाने बाप-लेक जवळ आले म्हणून बरं मानावं, तर तेही तिला जमेना.

एका दुपारी भूषणच दारात आला. "हेमांगीताई, आबा आमच्याकडे जेवतात आता. तुमचे फार उपकार झाले."

"उपकार नका म्हणू," ती म्हणाली. "मी कंटाळा केला आणि म्हाताऱ्या माणसाला फसवलं. दुसरं काही केलं नाही."

भूषणने ते खोडून काढलं नाही. पाणी पिऊन म्हणाला, "आबा शनिवारी येताहेत. पण आधी विचारून ये म्हणाले, भरीत कुणाचं असेल?"

हेमांगीचा चेहरा उतरला. यापुढे प्रत्येक वेळी हा प्रश्न येणार, हे तिला कळलं.

"माझं," ती म्हणाली. "बिघडलं तर बिघडलेलं वाढीन, सांगा त्यांना."