कोरी बाटली

पाण्याचे नमुने घ्यायचं काम शिकायला गेली तेव्हा घरातल्या थोरलीला वाटलं होतं, बाटली बुडवायची, भरायची, झालं. पण सरांनी पहिल्याच आठवड्यात तिच्या नाकी नऊ आणले. हातमोजे बदल, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नकोस, झाकण जमिनीवर ठेवू नकोस. सासूने इतकं छळलं नसतं. शिवाय प्रत्येक फेरीत एक कोरी बाटली न्यायची आणि विहिरीपाशीच तिच्यात प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी ओतायचं. "त्या पाण्यात काही सापडलं, की बाटल्याच मळक्या होत्या असं धरतात. सगळी फेरी बाद," सर कानीकपाळी ओरडून सांगायचे.

तिने सगळं घोटून घेतलं, कारण तपासायची विहीर तिच्याच गल्लीतली होती. पलीकडे जुन्या बॅटऱ्या वितळवणारा कारखाना. बहिणीची पोर चालता चालता पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, अंगात शिसं आहे. मालक म्हणाला, पुरावा आणा. गल्लीला दुसरं पाणी नव्हतं, आणि कारखान्याच्या चौकशीला नेमलेल्या समितीने नमुन्यांच्या एकाच फेरीला परवानगी दिली. थोरलीने आदल्या संध्याकाळी बाटल्यांची पेटी घरी आणली आणि सकाळी सरांच्या देखत, डोळ्यांत तेल घालून नमुने घेतले.

निकाल आला. विहिरीच्या पाण्यात शिसं होतं. कोऱ्या बाटलीतही होतं.

"समितीने फाईल बंद केली," सर म्हणाले.

"पण त्या बाटलीत आलं कुठून, सर?"

"तुझं काही चुकलं नाही, मी बघत होतो. आता विचारून काय उपयोग?"

घरी आई पोरीचे पाय चोळत बसली होती.

"नमुने बाद झाले, आई. बाटल्या मळक्या होत्या म्हणतात."

आई उसळलीच. "मळक्या? काहीतरीच! तू आंघोळीला गेलीस तेव्हा एकेक बाटली मी विहिरीच्या ताज्या पाण्याने विसळून, निथळून परत पेटीत ठेवली होती. म्हटलं, लेकीचं पहिलंच काम, कुणी नावं ठेवायला नकोत."

थोरलीला आईवर ओरडावंसं वाटलं, तिच्या कुशीत शिरून रडावंसंही वाटलं. खरं सांगितलं असतं तर आई ते मरेपर्यंत उरावर घेऊन बसली असती.

"मग माझ्याच हातून काहीतरी झालं असेल," ती म्हणाली.

"होतं गं, शिकतेयस अजून."

पोरीला तहान लागली होती. आईने पेला स्वच्छ विसळला आणि माठातलं पाणी तिला पाजलं.